निवाड्यापूर्वीची कैफियत

धमतरीची आणि राजिमची छोटी लाइन जेथे एकमेकींपासून फुटत असे, त्या रायपूर जिल्ह्यातील अभनपूर या तहसिलीच्या गावी माझ्या मावशीचा संसार झाला. आणि सभोवार धानाखेरीज दुसरे पीक क्वचितच दिसावे अशा त्या मुलखात, रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात सकाळी कांद्याबरोबर खाण्याची तेथील ‘बासी’ तिने आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकघरात इतकी रुजवली की, ती परप्रांतीची आहे हे तिला स्वतःलाच आठवेनासे झाले. गुडघे दुखू लागले म्हणून ती एका दवाखान्यात गेली, तेव्हा काट्यावरचा ब्याऐंशीचा आकडा पाहून डॉक्टरांनी मान वर न करता फर्मावले, ‘भात बंद करा, वजन उतरवा, मग या.’ वजन उतरले नाही. त्यामुळे ती पुन्हा गेलीही नाही. सव्वा वर्षाने निराळ्याच कारणासाठी रक्त तपासले, तेव्हा साखर वाढल्याचे कळले.

जुन्या न्यायदप्तरांत वादी-प्रतिवादींची कैफियत लिहून घेतल्यावाचून निवाडा होत नसे. स्थूल रुग्णाच्या बाबतीत मात्र वजनाचा काटा हाच फिर्यादी, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश ठरतो. चरकाने अतिस्थूलाची गणना आठ निंदितांत केली, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच अध्यायात स्थौल्याच्या कारणांमध्ये त्याने बीजस्वभाव, म्हणजे जन्मतः लाभलेली प्रकृती, सांगितली आहे आणि अतिरिक्त भूक हे त्या व्याधीचेच लक्षण मानले आहे, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते. मेलबर्न येथील संशोधकांनी 2011 साली दाखविले की, आहार आखडून वजन उतरविलेल्या माणसांच्या रक्तात भूक वाढविणाऱ्या द्रव्यांचा उठाव वर्ष लोटल्यावरही शमलेला नसतो. ज्या भुकेशी रुग्ण अहोरात्र झुंजतो, तिलाच त्याचा हावरेपणा म्हणणे हा वैद्यकीय प्रमाद तर आहेच, पण माझ्या मते तो अन्यायही आहे.

शिवाय काट्याची साक्ष अपुरी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील मेद एकाचा 21.2 टक्के, तर दुसऱ्याचा 9.1. त्यानंतर दोन वर्षांनी चेन्नईच्या अभ्यासातून निष्पन्न झाले की, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्या माणसांनी आहार-विहार सुधारला, त्यांचे वजन फारसे हलले नाही, तरी मधुमेह जडण्याचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटले. मग ‘वजन उतरवा, मग या’ या अटीला आधार तो कोणता?

दारापुढे रांग लागलेली असताना प्रत्येकाची कैफियत ऐकावी कशी, ही डॉक्टरांची अडचण खरी आहे, आणि तिला क्षुल्लक लेखण्याचा मला अधिकार नाही. पण मावशीला नंतर भेटलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले ते एवढेच: ‘अम्मा, वजनाविषयी बोललेले चालेल ना? दिवस कसा जातो, ते सांगा.’ तेव्हा कळले की अंथरुणाला खिळलेल्या काकांच्या उशाशी रात्र काढताना ती चार-पाच पेले गोड चहा पिते, आणि दुपारचे जेवण चारच्या पुढे ढकलले जाते. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. कारण तिच्या जागरणाची चौकशी त्या घरातही कोणी केली नव्हती, त्यात मीही आलो. चहातली साखर निम्म्यावर आणायची, जेवणाची वेळ अलीकडे घ्यायची, भात राहू द्यायचा पण वाटीने मोजून, आणि वरण वाढवायचे, असे त्या दोघींच्या विचाराने ठरले.

‘वाटी केवढी?’ असे बाईंनी जाता जाता विचारले होते. पुढल्या खेपेस मावशीने पिशवीतून आपली पितळी वाटी काढली, पदराने पुसली आणि मेजावर ठेवली.