एका दिवसाचा खाडा

वरळीच्या बीडीडी चाळींच्या १२१ इमारती, ज्यांच्या एकेका खोलीत गिरणगावातले अख्खे कुटुंब आणि गावाकडून आलेले दोन-चार पाहुणे सुखदुःखाने नांदले, त्या आता एकेक करून पाडल्या जात आहेत आणि ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्याही आल्या. माणसांना ऐसपैस घर लाभावे यासारखी संतोषाची गोष्ट नाही. परंतु जुन्या भिंतींबरोबर या वस्तीची एक नैतिक मिरासही ढिगाऱ्यात जाऊ नये, असे मनापासून वाटते. ती मिरास म्हणजे गिरणगावच्या कामगारांनी १९३९मध्ये एका दिवसाचा खाडा करून राज्यकर्त्यांना विचारलेला प्रश्न.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान दुसऱ्या महायुद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. ज्या देशाची माणसे, धान्य आणि खजिना पणाला लागणार होता, त्या देशाच्या प्रतिनिधींशी मसलत करण्याची गरज मात्र त्यांना भासली नाही. काँग्रेस कार्यकारिणीने १४ सप्टेंबरला युद्धाचे हेतू स्पष्ट करण्याची मागणी केली, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे नोव्हेंबरमध्ये मुंबई प्रांतातल्या खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तत्पूर्वीच, २ ऑक्टोबरला, कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी या युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. तो पगारवाढीसाठी नव्हता. महागाई भत्त्याचा मोठा लढा पुढे मार्च १९४०मध्ये व्हावयाचा होता. ज्यांना राज्यकारभारात कोणी विचारीत नव्हते, त्यांनी ‘हे युद्ध कशासाठी?’ असा जाब राज्यकर्त्यांना विचारला.

या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पवनारच्या विनोबांनी ऑक्टोबर १९४०मध्ये पहिले वैयक्तिक सत्याग्रही होऊन युद्धमात्राला नकार दिला. नाझीवादाचे भीषण स्वरूप ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकर युद्धप्रयत्नांच्या बाजूने उभे राहिले. सावरकरांनी हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले. आणि हिटलरने जून १९४१मध्ये सोव्हिएट रशियावर आक्रमण केल्यावर, ज्या कम्युनिस्टांनी तो संप घडविला होता, त्यांनीच वर्षअखेरीस त्या युद्धाला लोकयुद्ध ठरविले.

या मतपालटाची निर्भर्त्सना पुष्कळ झाली आहे. मला त्यातून निराळाच बोध घ्यावासा वाटतो. लढणाऱ्याचा हेतू मलिन असूनही त्याच्यासमोरचा शत्रू खरोखर दुष्ट असू शकतो. साम्राज्य राखू पाहणारे ब्रिटन आणि माणुसकीचा संहार करणारा हिटलर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य होत्या. म्हणून केवळ हेतूची परीक्षा पुरेशी नाही. मात्र शत्रू दुष्ट आहे एवढ्यावर युद्ध पुकारणाऱ्याला लोकसंमतीची सनद आपोआप मिळते, असेही नाही. युद्ध आवश्यक आहे काय, हा एक प्रश्न. ते पुकारण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. आणि पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले, तरी दुसऱ्याचे उत्तर देण्याच्या जबाबदारीतून राज्यकर्त्यांची सुटका होत नाही.

आज सीमेवर तणाव निर्माण झाला की शंका विचारणाऱ्यालाच आपण शत्रूच्या रांगेत उभे करतो. वास्तविक सैनिकाविषयीची कृतज्ञता आणि युद्धाविषयीची पृच्छा यांत विरोध नाही. ज्याचे प्राण पणाला लावावयाचे, त्याच्या वतीने कारण विचारणे हे कृतज्ञतेचेच पहिले लक्षण आहे. युद्धाचा जयघोष करणाऱ्याने आणि धिक्कार करणाऱ्यानेही स्वतःला एकदा विचारावे, की या मतापायी माझे स्वतःचे काय खर्ची पडणार आहे? १९३९च्या त्या दिवशी ज्यांनी साचे बंद ठेवले, त्यांचे उत्तर बरोबर होते की चूक, यावर इतिहासकार वाद घालोत. आपला प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी दुसऱ्याच्या मुलाचा प्राण नव्हे, स्वतःच्या चुलीवरची एका दिवसाची भाकरी पणाला लावली होती.