अल्लादीनची आई कुठे गेली?

मुलांना दाखवल्या जाणाऱ्या गोष्टी खोट्या असतात, ही तक्रार जुनीच आहे. दिव्यातून जिन्न निघत नाही, गालिचा उडत नाही, हे मूल लवकरच ओळखते. त्या खोटेपणाने फारसे बिघडत नाही. परंतु जिन्नाच्या आजूबाजूचे जग मूल खरे मानते. चांगला माणूस दिसतो कसा, वाईट बोलतो कसा, कोणाचे कष्ट मोलाचे आणि कोण नसले तरी चालते, हे ते नकळत शिकते.

अल्लादीनचीच गोष्ट घ्या. अलेप्पोच्या हन्ना दियाब या सीरियन ख्रिस्ती तरुणाने ती १७०९ मध्ये पॅरिसला आंत्वान गालां यांना सांगितली आणि गालां यांनी फ्रेंचमध्ये लिहून 'अरबी सुरस कथां'त घातली. ती घडते चीनमध्ये. अल्लादीन हा मुस्तफा शिंप्याचा उनाड मुलगा. बाप वारल्यावर आई दुकान मोडते, सूत कातून दोघांचे पोट भरते. विकण्यापूर्वी दिवा घासायला घेते ती आईच. मुलासाठी शहजादीचा हात मागायला सुलतानाच्या दरबारात रोज जाऊन उभी राहते तीही आईच.

डिस्नेच्या १९९२ च्या चित्रपटात ही आई नाहीच. नायक एकटा, देखणा, हसरा. तो पाव चोरतो, पहारेकऱ्यांना चुकवतो आणि त्याची गरिबी एका गाण्यात गोड होऊन जाते. आमच्या कितीतरी घरांत अम्मी रात्री उशिरापर्यंत शिलाई मशीनवर बसलेली असते. त्याच खोलीत मूल हा चित्रपट पाहते. नशीब दिव्यातून येते, सुतातून नाही, हे त्याला कोणी सांगत नाही, पण ते समजते. मग समोरच्या मशीनची त्याला लाज वाटू लागली, तर दोष कोणाला द्यायचा?

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. नायक-नायिकेचे बोलणे अमेरिकी. फेरीवाले आणि पहारेकरी यांचे उच्चार परके, नाकडोळे बेढब. दुष्ट वजिराचे नाव जाफर. आपल्याकडे हे नाव आदराने ठेवले जाते. सुरुवातीच्या गाण्यातील काही ओळींवर अरब-अमेरिकी संघटनेने आक्षेप घेतला आणि १९९३ मध्ये त्यांतील काही भाग बदलला गेला. चेहरे मात्र तसेच राहिले.

या चित्रपटातील अग्राबा हे शहर काल्पनिक आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील एका मतचाचणीत अग्राबावर बॉम्ब टाकावेत का, असे विचारले गेले. रिपब्लिकन मतदारांपैकी ३० टक्के आणि डेमोक्रॅट मतदारांपैकी १९ टक्के लोकांनी होकार दिला. याचे खापर एका चित्रपटावर फोडणे योग्य नाही. पण जे शहर नाही, त्याचे नुसते नाव अरबी वाटले की ते शत्रूचे ठरते, इतकी ही समजूत मनात मुरलेली असते. लहानपणापासून पाहिलेल्या चित्रांचा तीत काहीच वाटा नसेल, असे म्हणवत नाही.

तरीही केवळ परक्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. जुन्या कथेतला खलनायकही आफ्रिकेतून आलेला जादूगार आहे. दुष्टपणा बाहेरच्याच्या माथी मारण्याची खोड तिथेही आहे. आपण मुलांना सांगतो त्या गोष्टींत तरी 'आपले' सगळे निर्मळ आणि 'ते' सगळे कपटी नसतात का? स्वतःच्या समाजाचे असे गोड चित्र पाहून वाढलेल्या मुलाला उद्या घरातला अन्याय दिसेलच कसा?

म्हणून टीव्ही बंद करणे हा उपाय नव्हे. आनंद हा मुलांचा हक्क आहे. मोठ्यांनी शेजारी बसावे आणि अधूनमधून साधे प्रश्न विचारावेत : याची आई कुठे आहे? याला जेवू कोण घालते? वाईट माणूस असाच का दिसतो? असे विचारायला शिकलेले मूल जिन्नावर खुशाल हसेल, आणि मशीनवर बसलेल्या अम्मीकडेही मान वळवून पाहील.