सात कोरडे महिने

भरपूर पाऊस पडतो ते वर्षावन, ही समजूत अर्धीच खरी आहे. ब्राझीलमधल्या मनाउस शहराभोवतीच्या अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात वर्षाला सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथले वृक्ष तीस-पस्तीस मीटर उंच वाढतात. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत त्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तरी तिथले जंगल उंचीत अ‍ॅमेझॉनची बरोबरी करू शकत नाही. झाडाच्या लेखी पाऊस किती पडला याहून तो सलग किती महिने पडला नाही, याला अधिक महत्त्व असते. मनाउसला सर्वांत कोरड्या महिन्यातही पाऊस पुरता थांबत नाही. आंबोलीत ऑक्टोबरनंतर तो जवळपास नाहीसा होतो.

या एका बाबतीत आंबोली आणि मराठवाड्यातले एखादे गाव यांचे पंचांग सारखेच आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातल्या बोरीला पाऊस जूनमध्ये येतो आणि परतीच्या सरींसह ऑक्टोबरात संपतो; आंबोलीलाही तसेच होते. दोन्हीकडे पुढचे सात महिने मुख्यतः कोरडे. फरक आकड्यात आहे: परभणीच्या बाजूला वर्षाची सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास राहते. पण खरा फरक पाऊस थांबल्यानंतर दिसतो. जिंतूरच्या डोंगरांवरचे साग, पळस, धावडा आणि सालई उन्हाळ्यापूर्वी पाने गाळून मोकळे होतात. आंबोलीतली झाडे मे महिन्यातही हिरवी असतात. महाराष्ट्रातले वर्षावन समजून घ्यायचे तर ही हिरवाई सात महिने कशी टिकते आणि तिच्या आश्रयाला असलेले जीव तो काळ कसा काढतात, हे पाहावे लागते.

पश्चिम घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसा कोरडा काळ लांबत जातो. केरळच्या दक्षिण भागात तो दोन-तीन महिन्यांचा असतो, कारण तिथे नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर परतीचा पाऊस आणि उन्हाळी सरीही भरपूर मिळतात. महाराष्ट्रात तो सात-आठ महिन्यांवर जातो. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधले वनस्पतिशास्त्रज्ञ झाँ-पिएर पास्काल यांनी १९८०च्या दशकात घाटातल्या सदाहरित जंगलांचा सविस्तर अभ्यास केला. उत्तरेकडे पाऊस कमी होत नसला तरी सदाहरित झाडांच्या जाती मात्र कमी होत जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. सिंहपुच्छ माकडाचे उदाहरण बोलके आहे. त्याला बाराही महिने कुठले ना कुठले फळ लागते. म्हणूनच कर्नाटकातल्या शरावती आणि अघनाशिनी नद्यांच्या खोऱ्यांपलीकडे उत्तरेस ते आढळत नाही. महाराष्ट्रातले वर्षावन हे या जंगलपट्ट्याचे कोरडे टोक आहे, आणि टोकाला जगणाऱ्यांना काटकसर करावीच लागते.

ही काटकसर झाडांपासून सुरू होते. महाबळेश्वर आणि भीमाशंकरच्या माथ्यावरच्या जंगलात अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांचे राज्य असते. त्यांची पाने जाड, चिवट आणि तकतकीत असतात, त्यामुळे त्यांतून पाणी कमी उडते. सदाहरित झाड पाने गाळतच नाही, असे नाही. ते एकदम गाळत नाही, इतकेच. उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी पाने गळत असतानाच लालसर कोवळी पालवी फुटलेली असते. वाऱ्याच्या माऱ्याने माथ्यावरची झाडे बुटकी राहतात, पण त्यांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की खालच्या जमिनीवर ऊन क्वचितच पोचते. समुद्रावरून येणारा दमट वारा, सकाळचे धुके, उंचीमुळे मिळणारा गारवा आणि दक्षिणेकडे एप्रिल-मे महिन्यांतला वळीव या सगळ्यांची भर पडते. परभणीचा पारा मे महिन्यात चाळिशीच्या वर असतो, तेव्हा आंबोलीत तो तिशीच्या आसपास असतो. झाडाच्या तहानेच्या दृष्टीने हा फरक पावसाच्या आकड्याइतकाच मोठा आहे.

जमिनीचा हिशोब वेगळा. धो-धो पाऊस मातीतले क्षार धुऊन नेतो, म्हणून वर्षावनाखालची माती वरून दिसते तितकी सकस नसते. जंगलाची बरीचशी पुंजी झाडांत आणि नुकत्याच पडलेल्या पाल्यात असते. बुरशी, वाळवी, गोगलगाई आणि किडे हा पाला चटकन कुजवतात आणि वरवर पसरलेली मुळे तो लगेच शोषून घेतात. भीमाशंकर आणि आंबोलीच्या जंगलांत पावसाळ्याच्या रात्री कुजक्या काटक्यांवर हिरवट उजेड दिसतो, तो याच कामाला लागलेल्या एका बुरशीचा. असे जंगल तोडले की पुंजी लाकडाबरोबर निघून जाते आणि मागे उरते ती दोन-चार पिकांतच दमणारी जमीन. घाटात पूर्वी कुमरी पद्धतीने शेती करणारे लोक एक जागा काही वर्षांनी सोडून देत, त्यामागे हेच कारण होते.

प्राण्यांकडे वळताना वाघ-बिबट्यांची अपेक्षा बाजूला ठेवलेली बरी. ते इथे आहेत, पण त्यांना वर्षावनच हवे असते असे नाही. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि बातम्यांत तो वाघापुरताच येतो. दाजीपूरच्या गव्यांसाठी १९५८ साली अभयारण्य झाले. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते. पण या जंगलाची खरी ओळख पटवतात ते ओंजळीत मावणारे, ओलाव्याला बांधलेले आणि एखाद्याच डोंगराबाहेर न सापडणारे जीव.

त्यांत बेडकांचा नंबर पहिला. बेडकाची कातडी पातळ असते आणि तो काही अंशी तिच्यातूनच श्वास घेतो; कोरड्या हवेत ती सुकते. म्हणून घाटातल्या बेडकांनी कोरडा काळ टाळण्याचे नाना मार्ग काढले आहेत. मलबारी उडता बेडूक डबक्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करतो. अंडी त्या फेसात ओली राहतात आणि पिल्ले बाहेर पडली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. झुडुपांत राहणारे काही चिमुकले बेडूक तर पाण्याच्या वाटेलाच जात नाहीत. त्यांच्या अंड्यातून शेपटीचे पिल्लू न निघता नखाएवढा पूर्ण बेडूक बाहेर येतो. त्यांना डबके नको, पण हवेतला ओलावा हवाच. आंबोलीचा भेक २००९ साली शास्त्राच्या नोंदीत आला. तो पावसाळ्याच्या आरंभी जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ खळग्यांत अंडी घालतो. हा भेक आंबोलीच्या परिसराबाहेर आढळलेला नाही, आणि त्याच्या प्रजननाच्या दिवसांतच आंबोलीच्या रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्याचा जवळचा नातलग कोयनेच्या खोऱ्यात राहतो. त्याचे वर्णन १९६३ सालीच झाले होते.

जमिनीखाली देवगांडूळ असते. दिसायला ते गांडुळासारखे, पण ते बेडकांचे भाऊबंद: कणा असलेले, पाय नसलेले आणि जवळजवळ आंधळे. २००३ आणि २००४ या दोनच वर्षांत महाराष्ट्रातून त्याच्या नव्या जाती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी एक आंबोलीची आणि एक रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावची. आंबोलीच्याच हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका लहान माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी ती जागा राज्याने जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. हा मासा तिथे टिकला याचे कारण सरळ आहे: कुंडातला झरा उन्हाळ्यातही आटत नाही.

झाडांच्या शेंड्यांवर कोरड्या महिन्यांचा उलटा उपयोग होतो. वर्षावनातली बरीच झाडे उन्हाळ्यात फळतात, कारण बी पावसाच्या तोंडाशी जमिनीवर पडले तर लगेच रुजते. धनेश पक्ष्यांनी आपला विणीचा हंगाम याच काळाशी जुळवून घेतला आहे. राजधनेशाची मादी हिवाळा सरताना जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांच्या गराने तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लाला आठवड्यांमागून आठवडे उंबर, वड आणि नांद्रुक यांची फळे भरवतो. गिळलेल्या मोठ्या बिया तो लांब नेऊन टाकतो. ढोली पडण्याइतके जुने झाड आणि उन्हाळाभर फळे देणारे वड-उंबर यांपैकी एक जरी गेले तरी धनेशाचा संसार मोडतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याला फळे संपली की बिया, पाने आणि सालही चालते, म्हणून तो भीमाशंकरपर्यंत टिकून आहे. पण जमिनीवर उतरणे त्याला आवडत नाही. फांद्यांची साखळी तुटली की त्याचा प्रदेशही तिथेच संपतो. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले, त्यामागे शेकरूचाच मोठा वाटा होता.

कोरड्या महिन्यांना पुरून उरणारी सर्वांत विलक्षण जागा मात्र दोडामार्ग तालुक्यात आहे. हेवाळे-बांबर्डे येथल्या राईत रानजायफळाच्या कुळातली झाडे सदैव पाणथळ जमिनीत उभी आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात आणि श्वास घेतात. अशा दलदली केरळ-कर्नाटकात पूर्वी अनेक होत्या; बहुतेक भातशेती आणि सुपारीच्या बागांखाली गेल्या. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई उरली, आणि हेवाळे-बांबर्ड्याची राई या प्रकारच्या जंगलाचे अगदी उत्तरेचे ठाणे आहे. २०२१ साली तिलाही वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दोन्ही राया सरकारी बंदोबस्ताने टिकल्या नाहीत, देवाच्या धाकाने टिकल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा आसपासचे डोंगर उघडे झाले तरी राईत मूळच्या जंगलाचा नमुना शिल्लक असल्याचे त्यांनी दाखवून दिले. देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप आणि वाहनतळ यांपायी अशा राया आज आक्रसताहेत, हा विरोधाभास मोठाच आहे.

दक्षिण कोकणात बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे, म्हणून तिथला धोकाही वेगळा. रबर आणि काजूच्या लागवडीसाठी दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातले डोंगर साफ झाले. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली आणि २०२० साली तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. तुकडे झालेल्या जंगलाचे नुकसान क्षेत्रफळाच्या हिशोबात पुरते दिसत नाही. छत फाटले की ऊन आणि वारा आत शिरतो, कडेची माती सुकते, लगतच्या गवतातला वणवा आत येतो. पाऊस तेवढाच पडूनही जंगलाच्या आतला उन्हाळा लांबतो, आणि ज्या बेडकाने सात महिन्यांचा हिशोब बसवला आहे त्याला आठवा महिना पेलत नाही.

घाट ओलांडला की चित्र झपाट्याने पालटते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तर तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही खाली. बोरी याच पर्जन्यछायेत फार आत आहे. तिथे वर्षावन लावता येणार नाही, आणि लावण्याचे कारणही नाही. दाट लागवडीच्या ‘घनवनां’ची टूम मराठवाड्यात पोचली आहे, पण टँकरने पाणी घालून जगवलेल्या सदाहरित रोपांपेक्षा डोंगरावर आपोआप फुटणारा धावडा आणि पळस राखणे शहाणपणाचे. पानगळ हाही कोरड्या महिन्यांवरचा तितकाच जुना आणि पक्का तोडगा आहे.

घाटमाथ्याशी परभणीचे नाते पाण्याचे आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या निमसदाहरित जंगलात उगम पावते. भंडारदरा धरण भरून ती पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडीत हे पाणी साठते आणि डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यापर्यंत येते. घाटावरचे जंगल या पाण्यात फार भर घालते असे नाही. झाडे स्वतःच बरेच पाणी पितात. त्याचे काम पाणी मुरवण्याचे आणि माती धरून ठेवण्याचे आहे. जंगलाखालचे झरे पाऊस थांबल्यावरही कित्येक महिने वाहतात, तर उघड्या कातळावरचे ओहोळ दिवाळीच्या सुमारासच आटतात.