दोन रात्रींपुढचा धर्म

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटचा माणूस शेगावला दर्शनाला गेला तर रात्री कुठे टेकायचे याचा घोर त्याला सहसा पडत नाही. गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात माफक पैशांत स्वच्छ खोली मिळते. तोच माणूस रोजगारासाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेला की अनामत, दलाली, अकरा महिन्यांचा करार, 'फॅमिलीलाच देतो' अशा पायऱ्या चढत बसतो, आणि शेवटी चौघांत एक खोली घेतो. माणूस तोच, खिसाही तोच. एकीकडे तो यात्रेकरू आहे, दुसरीकडे भाडेकरू, एवढाच फरक. हा प्रश्न घरांच्या टंचाईचा म्हणून मांडला जातो आणि टंचाई खोटी नाही. पण त्याच्या मुळाशी धर्मविचारातली एक पोकळी आहे असे मला वाटते. वाटसरूला आसरा देणे आपण पुण्य मानले. राहायला आलेल्या गरिबाशी कसे वागावे, याबद्दल मात्र प्रवचनात कुणी फारसे बोलत नाही.

मनुस्मृतीतला अतिथी एक रात्र राहणारा आहे. हदीसमध्ये पाहुणचार तीन दिवसांचा सांगितला आहे, त्यापुढचा तो दानधर्म. देऊळघाटात दोन्ही परंपरांची घरे आहेत, आणि दोन्ही परंपरांनी यजमानाला मुदत घालून दिली हे शहाणपणाचेच आहे. कुणाला आयुष्यभर पोसायची सक्ती झाली तर दार उघडणार कोण? अडचण मुदत संपल्यावर सुरू होते. त्यानंतर राहणारा पैसे मोजतो, आणि पैसे आले की आपण व्यवहार म्हणून धर्माला रजा देतो. जुन्या शास्त्रकारांनी तशी रजा दिली नव्हती. परक्याच्या जमिनीवर घर बांधून भाडे भरत राहिलेल्याने जाताना छपराचे गवत, लाकूड, विटा घेऊन जावे, असे नारदस्मृती सांगते. भाडे न देता, मालकाच्या इच्छेविरुद्ध राहिलेल्याला मात्र ती मुभा नाही. म्हणजे भाडे भरणारा हा उपकाराखाली दबलेला पाहुणा नव्हे, त्याचा स्वतःचा दावा उभा राहतो. म्हणूनच मी भाडे हे दानापेक्षा वरचे नाते मानतो. दानात घेणाऱ्याची मान खाली जाते, भाड्यात दोघे समोरासमोर उभे असतात. निदान तसे असायला हवे.

प्रत्यक्षात तसे का होत नाही, याचे उत्तर फक्त दरात सापडत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचे संत चोखोबा जातीमुळे पंढरपुरात देवळाबाहेरच राहिले. त्यांच्या नावाची धर्मशाळा वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी तिथे उभारली आणि 1949 मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पंढरीत धर्मशाळांचा दुष्काळ नव्हता. दुष्काळ होता तो कुणालाही आत घेणाऱ्या दाराचा. आज तोच दुष्काळ शहरात आला आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की भाड्याच्या घरासाठी दलित नावाच्या माणसाला सवर्णापेक्षा जास्त नकार मिळतात आणि मुसलमानाला त्याहूनही जास्त. खिशात भाडे असूनही!

यावर घरमालक म्हणेल, घर माझे, स्वयंपाकघर माझे, कुणाला ठेवायचे ते मी ठरवीन. स्वतःच्या चुलीपुरते हे मला मान्य आहे. पण खोलीची जाहिरात करून पैसे घेणारा माणूस त्या खोलीपुरता दुकानदार होतो. दुकानात आणि हॉटेलात धर्म किंवा जात पाहून अडवू नये, असे संविधानाचे कलम 15(2) सांगते. भाड्याच्या खोलीचे नाव त्यात नाही. 2005 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेचा आपल्याच समाजापुरते सभासद ठेवण्याचा नियम वैध ठरवला. कायद्याने मुभा दिली म्हणून नीतीचा प्रश्न मिटत नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. भाडेकरूच्या कैवारात मालक बुडाला, हे मुंबईत घडलेले आहे. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, मालकांनी डागडुजी सोडली, इमारती खचल्या. ही तरतूद आता अवाजवी झाली आहे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये म्हटले, आणि 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढीची सोय केली. मालकाकडून सक्तीने काढलेले दान न्याय्य नसते, हे मी निःसंकोच मान्य करतो. त्याच इतिहासाची धास्ती अजून टिकून आहे. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे 1 कोटी 10 लाख घरे रिकामी होती, त्यामागे हेही एक कारण आहे. टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा, 2020 मध्ये, सरकारी रिकामी घरे भाड्याने देण्याची योजना केंद्राने आणली. म्हणजे भिंती होत्या, कुलपे लागलेली होती.

शेगावची व्यवस्था सेवेकऱ्यांच्या बिनमोल श्रमावर आणि देणग्यांवर चालते, शहरात तो दर जमणार नाही, असे कुणी म्हणेल. तो दर कुणी मागतही नाही. देखभाल, कर आणि पुढच्या दुरुस्तीचा खर्च निघेल एवढे भाडे मजूर देईल. शहरांत जमिनी असलेल्या देवस्थानांनी आणि वक्फ संस्थांनी त्या भाड्यावर खोल्या बांधाव्यात आणि अर्जाच्या क्रमांकाने द्याव्यात. अर्जात आडनावाचा रकाना खोली ठरल्यावर भरून घ्यावा.