मागून येणाऱ्याचा चहा

बमरोली, पांडेसरा, उधना या सुरतेच्या पट्ट्यात खान्देशातली खूप माणसे राहतात. कुणी मागावर, कुणी डाइंगच्या मिलमध्ये, कुणी कापड मार्केटात. पोटापाण्याचे सगळे इथेच. पण गावाकडचे घर सहसा कुणी मोडत नाही. वर्षाचे बरेच दिवस त्याला कुलूप असते. दिवाळीत मार्केट बंद झाले, शाळांना सुट्टी लागली, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली, की ते उघडते. उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरायची. वाटेत नवापूर लागते. तिथे गुजरात-महाराष्ट्राची हद्द स्टेशनातूनच जाते आणि मुलांना ती दाखवल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही. मग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. जो तो आपापल्या ठिकाणी उतरतो. आपल्यातल्या बहुतेकांचे सुट्टीचे घर ते हेच. आणि ते एकट्याचे नसते. दिवाळीला थोरला भाऊ आधी पोचतो, नाहीतर धाकटा. अखाजीला बहीण माहेरी येते, बरोबर जावई आणि भाचेमंडळी. माणसे बदलत राहतात, स्वयंपाकाचा ओटा एकच.

असा ओटा कसा लावावा, ते बमरोलीतल्या आमच्या शेजारच्या वहिनींकडे पाहून कळते. त्यांच्या गावच्या स्वयंपाकघरात मोजकीच भांडी आहेत. एक तवा, एक कुकर, दोन पातेली, परात, पोळपाट-लाटणे, पळी, सांडशी. बाकीची त्यांनी माळ्यावर चढवली. उरलेले सगळे शेगडीपाशी उभे राहून हात लांबवला की मिळते. चहा-साखरेचे डबे पुढच्या रांगेत आणि गाळणी शेजारच्या खिळ्याला, कारण रात्रीच्या गाडीने उतरलेल्या माणसाला आधी चहा लागतो. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे: तूरडाळ, मूग, काळा मसाला, मीठ. अक्षर ठसठशीत, शाळकरी नातीलाही वाचता येईल असे. ज्वारीचे पीठ त्या मागे ठेवत नाहीत, ते कडू पडते. ज्वारी ठेवतात, कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालून. गिरणी गावातच आहे. तेल पडून राहिले की खवट होते, म्हणून उरलेली बाटली परत सुरतेला आणतात. निघताना कुकरची रिंग काढून ठेवायची, रेग्युलेटर बंद करायचा, डब्यांची झाकणे दाबून बघायची. आणि दारामागे एक कागद चिकटवलेला आहे. मोटरचे बटण कोणते, दूध कोणाकडे मिळेल, सिलिंडर संपला तर कुणाला सांगायचे, एवढेच त्यावर आहे.

हे वाचायला किरकोळ वाटेल. मला ते फार मोठे वाटते. विचारायला संकोच वाटतो अशी माणसे प्रत्येक घरात असतात. नवी सून असते, पहिल्यांदाच आलेला जावई असतो, मुलाचा मित्र असतो. सकाळी लवकर जाग आलेली असते, चहाची तल्लफ असते, पण ‘साखर कोठे शे?’ म्हणून कुणाला उठवायचे, या विचाराने ते तसेच बसून राहतात. डबा समोर दिसला, त्यावर नाव वाचता आले, की तोच माणूस पातेले ठेवतो आणि सगळ्यांसाठी चहा करतो. एका चिठ्ठीने पाहुणा घरचा होतो. रोजचे स्वयंपाकघर आपल्या सवयीवर चालते, डोळे मिटूनही मोहरी सापडते. दुसऱ्याला ती सवय नसते, त्याच्यासाठी ती लिहून ठेवावी लागते. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत एका बाईंनी स्वयंपाकघराचा असाच बारकाईने विचार केला होता. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की हे त्यांचे नाव. फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी त्यांनी १९२६ साली एक छोटे, आटोपशीर स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या डायनिंग कारमधली चिंचोळी जागा त्यांनी नमुना म्हणून घेतली. तांदूळ, साखर अशा जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे खण केले आणि प्रत्येकावर नाव घातले. पिठाचा खण तेवढा ओकच्या लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. ओकच्या जागी वहिनींकडे कडुनिंबाचा पाला आहे. राबणाऱ्या बाईची पावले वाचावीत ही त्या दोघींची कळकळ सारखीच.

तुमचे गावाकडे घर असेल किंवा नसेल. बमरोलीतल्या दोन खोल्यांतही ओटा असतोच, आणि त्याच्याशी रोज कुणीतरी आपल्या मागून उभे राहते. दुसऱ्या पाळीला जाणारा नवरा असेल, शाळेतून आलेली मुलगी असेल, दुपारी टेकायला आलेली सासू असेल. आपले काम आटपले की ओटा पुसून निघायची आपली रीत आहे. त्यात आणखी अर्ध्या मिनिटाची भर घालता येते. सांडशी तिच्या खिळ्याला लावायची, लायटर शेगडीजवळ ठेवायचा, संपत आलेला डबा मागे न ढकलता पुढे ठेवायचा, म्हणजे भरायची आठवण जो बघेल त्याला होईल. मागून येणारा कोण, हे ठाऊक असण्याची गरज नाही. यंदा दिवाळीनंतर गावचे घर बंद कराल तेव्हा चहा-साखर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून या. अखाजीला येणाऱ्या बहिणीला उतरल्या उतरल्या दुकान शोधत जावे लागणार नाही. आणि आज कामावरून परतल्यावर निदान दोन डब्यांवर नावे लिहाच. सुरुवात मीठ आणि साखरेपासून करा.