दोन शिकारी

भाद्रपदात वर्धा जिल्ह्यातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अंगानं भरते, आणि तिच्यावर दोन शिकारी वावरू लागतात. वर हवेत चतुर, खाली पानामागे ढालकिडा.

सकाळचं ऊन अंगावर घेऊन चतुर काडीवरून उठतो. हजारो नेत्रिकांचे डोळे आणि वेगवेगळे हलवता येणारे चार पंख, हे त्याचं बळ. तो भक्ष्याचा नुसता पाठलाग करत नाही. ते पुढच्या क्षणी जिथं असेल तिकडेच झेपावतो आणि पायांच्या ओंजळीत त्याला उडता उडता धरतो. ढालकिडा मात्र पायी हिंडणारा. एकेक पान चाचपत जातो आणि सापडेल तो मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, खातो.

दोघांची बालपणंही निराळी. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं. पवनारच्या धाम नदीत किंवा एखाद्या शेततळ्यात ते डासांच्या अळ्या टिपतं. ढालकिड्याची अळी पऱ्हाटीच्या पानावरच मावा खात मोठी होते. पण ती काळपट, काटेरी दिसते, म्हणून पुष्कळदा कीड समजून चिरडली जाते.

चतुराला राहू द्यायचं तर पाणी निर्मळ हवं, हे पटायला जड नाही. ढालकिड्याची अट अवघड आहे. त्याची मादी मावा असेल तिथंच अंडी घालते. शेतात मावा औषधालाही उरला नाही, तर हा राखणदार तिथं थांबेल कशासाठी? सरसकट फवारणीत मावा आणि ढालकिडा दोघेही मरतात. मग मावा आधी परततो, कारण त्याची मादी नराशिवाय पिलं देते आणि ती आठवडाभरात वाढतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस शेत राखणीविना पडतं.

म्हणूनच कृषितज्ज्ञ कपाशीत दर पानाला सरासरी १० मावा होईपर्यंत फवारणी नको म्हणतात. थोडं नुकसान सोसणं हा हलगर्जीपणा नव्हे. ती राखणदाराची भाकर आहे. आपल्या मनात आणि घरातही प्रत्येक उणीव मुळासकट उपटण्याचा हट्ट असतो. त्या हट्टात, उणिवेला आवर घालणारं जे चांगलं तिच्याजवळच वाढत असतं, तेही उपटलं जातं.

आज पंप पाठीवर घेण्याआधी चार पानं उलटून पाहा. मावा मोजा, आणि त्याला खाणारेही मोजा.