परमिट घेतल्याशिवाय नाही

मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं. तिथली वीज १९२७ पासून मुंबईकडे गेली. सेनापती बापटांसोबत ज्यांनी जमिनींसाठी सत्याग्रह केला, त्यांच्या वाड्यावस्त्यांवर दिवा यायला मात्र बरीच वर्षं लागली. तिथल्या तारा उभ्या आयुष्यभर सांभाळलेले एक लाइनमनकाका नुकतेच गेले.

ताम्हिणीकडचा पावसाळा म्हणजे पडलेली झाडं, तुटलेल्या तारा. खालून लोक ओरडायचे, “अहो, चढा की आता!” काका ढिम्म. लाइन बंद केल्याचं उपकेंद्राचं परमिट मिळालं, तरी आधी डिस्चार्ज रॉडने तारा जमिनीशी जोडायच्या. कुण्या फार्महाउसवाल्याने जनरेटर चुकीचा जोडलेला असेल, तर बंद लाइनही उलट्या बाजूने जिवंत होते.

युनियनच्या बैठकीतही त्यांचा हट्ट एकच: चांगले हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट. टाळ्या पगारवाढीच्या भाषणांना पडायच्या, तो भाग वेगळा! ४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचारी खासगीकरणाविरुद्ध राज्यभर संपावर गेले, तेव्हा निवृत्त काकाही सभेत मागे बसले होते.

काकू म्हणायच्या, “तालुक्याचे फ्यूज बसवतात, देवघरातला बल्ब महिनाभर गेलेला!” लेकीच्या साखरपुड्यात ते भरल्या पंगतीतून उठून कामावर गेले होते. तिने ते बरीच वर्षं मनात ठेवलं. तिच्या मुलांना मात्र त्यांनी हात कोरडे करून, पायात रबरी चप्पल घालून मेन स्विच कसा पाडायचा, हे चौथीतच शिकवलं.